सात टक्क्यांच्या फाकेत अडकलेले शब्द

प्रति,
मा. संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

विषय : भाषण आणि संवाद यांच्या प्रशिक्षणात सांगितला जाणारा एक चुकीचा हिशेब

महोदय,

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत प्रभावी संभाषणावर जो लेख नुकताच प्रसिद्ध झाला, त्याच्या मधोमध एक रंगीत वर्तुळ होते. त्यात शब्दांच्या वाट्याला ७ टक्क्यांची बारीक फाक आली होती, आवाजाच्या चढउतारांना ३८ टक्के मिळाले होते आणि उरलेला निम्म्याहून मोठा, ५५ टक्क्यांचा भाग देहबोलीच्या नावावर होता. त्यावरून लेखकाने असे प्रतिपादन केले होते की, माणूस काय बोलतो याला फारसे महत्त्व नसून तो कसे बोलतो यावरच सारे अवलंबून असते. हेच वर्तुळ मी गेल्या वर्षभरात आणखी तीन ठिकाणी पाहिले आहे : बचत गटाच्या महिलांसाठी झालेल्या एका शिबिरात, एका स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या भिंतीवर आणि माझ्या नातवाच्या वहीत. लपवण्यात अर्थ नाही म्हणून हेही सांगतो की, ३१ वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवताना मी स्वतः ते वर्तुळ फळ्यावर काढले आहे, आणि तेही तीन रंगांच्या खडूंनी. त्यामुळे हे पत्र जितके तक्रारीचे आहे तितकेच कबुलीचेही आहे.

हे आकडे आले कुठून, हे मी निवृत्तीनंतर सवडीने पाहिले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांनी सहकाऱ्यांसह १९६७ मध्ये दोन प्रयोग प्रसिद्ध केले. एका प्रयोगात नऊ सुटे इंग्रजी शब्द होते. त्यांतले तीन आपुलकीचे, तीन मधल्या छटेचे आणि तीन नावडीचे होते, आणि ते वेगवेगळ्या सुरांत ध्वनिमुद्रित करून ऐकवले गेले. दुसऱ्या प्रयोगात तर ‘मेबी’, म्हणजे ‘कदाचित’, हा एकच शब्द तीन सुरांत ऐकवून सोबत चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवण्यात आली. प्रश्न एवढाच होता की, बोलणाऱ्याच्या मनात समोरच्याविषयी आवड आहे, नावड आहे की यांतले काहीच नाही. या दोन स्वतंत्र प्रयोगांतल्या निष्कर्षांची सांगड घालून ७, ३८ आणि ५५ हे प्रमाण मांडले गेले. ज्या प्रयोगात मुद्दाम असा शब्द निवडला की ज्याला स्वतःचा कोणताच कल नाही, त्या प्रयोगात शब्दाचा प्रभाव थोडा दिसावा यात नवल ते काय? शिवाय ५५ हा आकडा चेहऱ्याच्या छायाचित्रांवरून आलेला आहे. हात कसे हलवावेत, पाय किती अंतरावर ठेवावेत, याचा त्या प्रयोगांशी काही संबंध नव्हता. हे प्रमाण भावना आणि आवडनिवड व्यक्त करण्यापुरतेच आहे, सर्व प्रकारच्या संभाषणाला ते लागू पडत नाही, असे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलेले आहे. आपल्याकडच्या वर्तुळात हा खुलासा कोणी लिहीत नाही, कारण तो लिहिला तर वर्तुळ उरतच नाही.

मूळ संशोधन चुकीचे आहे असे मात्र मला म्हणायचे नाही. ते काय सांगते हे समजायला मराठी माणसाला प्रयोगशाळेत जावे लागत नाही, ‘बरं’ हा एक शब्द त्याला पुरेसा आहे. सुनेने मान खाली घालून म्हटलेले ‘बरं’, सासूबाईंनी ओठ मिटून म्हटलेले ‘बरं’ आणि मित्राने पाठीवर थाप मारत म्हटलेले ‘बरं’ या तीन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतला फरक शब्दात नसून सुरात व चेहऱ्यात आहे, हे आपल्या घरातले दहा वर्षांचे पोरही ओळखते. शब्द एक आणि चेहरा दुसरेच सांगत असेल, तर आपण चेहऱ्यावर विश्वास ठेवतो. एवढे खरे आहे आणि एवढेच खरे आहे. परंतु यावरून शब्दांचे काम सात टक्के ठरवणे म्हणजे ताटातले मीठ बोटावर चाखून साऱ्या जेवणाची चव सांगण्यासारखे आहे.

याची खरी परीक्षा आम्हा सांगलीकरांनी ऑगस्ट २०१९ च्या महापुरात दिलेली आहे. मी गावभागात राहतो. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, हे आकडे इथल्या प्रत्येकाला पाठ असतात, आणि त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेले होते. पाणी चढू लागले त्या संध्याकाळी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भोंगा लावलेली एक रिक्षा येऊन थांबली आणि तीतून असे सांगण्यात आले की, “नदीकाठच्या सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की, धरणक्षेत्रातील अतिवृष्टीमुळे कोयना धरणातून करण्यात येणाऱ्या विसर्गात वाढ होत असून, सखल भागातील नागरिकांनी सतर्क राहावे.” आवाज खणखणीत होता आणि उच्चार स्वच्छ होते, किंबहुना मी परीक्षक असलेल्या एखाद्या वक्तृत्व स्पर्धेत त्या निवेदकाला मी पहिला क्रमांक दिला असता. रिक्षा पुढे गेली तशी आमच्या शेजारच्या आजी दारात उभ्या राहून म्हणाल्या, “म्हंजी जायाचं का ऱ्हायाचं?”

या प्रश्नाचे उत्तर त्या संपूर्ण निवेदनात नव्हते. ‘सखल’ म्हणजे नेमकी कोणती गल्ली, ‘सतर्क राहावे’ म्हणजे नेमके काय करावे आणि किती वाजेपर्यंत करावे, यांपैकी एकही गोष्ट सांगितलेली नव्हती. पुढे दूरचित्रवाणीवर क्युसेकचे आकडे येऊ लागले. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी, हे मला ठाऊक होते, पण त्या हजारोंच्या आकड्यावरून आमच्या उंबऱ्याला पाणी केव्हा लागेल याचा अंदाज मलाही बांधता येत नव्हता. तासाभराने गल्लीतलाच एक पोरगा मोटारसायकलवरून आला, इंजिन चालूच ठेवून ओरडला : “पुलावर ४४ फूट झालंय, अजून चढायलंय. रात्रीत आपल्या गल्लीत येणार. म्हातारी माणसं आत्ता हलवा, सामान मागनं बघू.” अंधार पडला होता, वीज गेली होती, त्याचा चेहरा कोणाला दिसत नव्हता आणि पावसात त्याचा आवाजही फाटत होता. तरी अर्ध्या तासात गल्लीतली म्हातारी माणसे हलली, त्यांत आजीही होत्या. रिक्षातल्या निवेदकाचा चेहराही दिसत नव्हता आणि या पोराचाही नाही. दोघांत फरक होता तो शब्दांचा, म्हणजे त्या सात टक्क्यांचा.

भाषणकलेचा जो काही पाया आहे तो मला या दोन निवेदनांमध्ये पुरेसा दिसतो. ऐकणारा कोण आहे, त्याला आत्ता कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे आणि माझे बोलणे संपल्यावर त्याने काय करावे असे मला वाटते, हे तीन प्रश्न तोंड उघडण्यापूर्वी स्वतःला विचारलेले असले पाहिजेत. त्या पोराने ते विचारले नव्हते, पण त्याची स्वतःची आजी घरात असल्यामुळे उत्तरे त्याला आपोआप सुचली. कार्यालयात बसून मसुदा तयार करणाऱ्याला ती मुद्दाम शोधावी लागतात.

आंगिक अभिनयाला कमी लेखणारा मी नव्हे. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटकाचा पहिला प्रयोग ज्या सांगलीत केला, त्या गावात राहून तसे करणे शोभणारही नाही. आपल्या नाट्यपरंपरेने अभिनयाचे आंगिक (देहाचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातल्या भावाचा) असे चार प्रकार मानले, पण त्यांना टक्केवारी लावली नाही, कारण प्रसंगानुसार कधी एकाचे तर कधी दुसऱ्याचे पारडे जड होणार हे नटाला ठाऊक असते. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील गावोगावच्या मैदानांवर ज्या मोठमोठ्या सभांपुढे बोलत, त्यांत मागच्या रांगेत मांडी घालून बसलेल्या शेतकऱ्याला त्यांच्या चेहऱ्यावरची रेषा दिसत असेल असे मला वाटत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचत होती ती त्याच्याच शिवारातली भाषा.

असे असूनही आपल्या वक्तृत्व स्पर्धांमध्ये आणि शिबिरांमध्ये आपण नेमके उलटे शिकवतो. मी कित्येक वर्षे आंतरशालेय स्पर्धांचा परीक्षक होतो. गुणपत्रिकेत विषयमांडणीइतकेच गुण ‘हावभाव’ या रकान्याला असत, आणि मुले त्याप्रमाणे तयारी करून येत. ‘अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ म्हणताना उजवा हात छातीशी, ‘हिमालय’ म्हणताना दोन्ही हात वर, ‘अश्रू’ म्हणताना बोट डोळ्याशी. एका मुलीचा हात हिमालयासाठी वर गेला आणि पुढचे वाक्यच आठवेना. हात तसाच वर राहिला, सभागृह हसले आणि ती रडत खाली उतरली. तिला वाक्य आठवले नाही, कारण ते तिचे नव्हतेच, ते तिच्या बाईंनी लिहून दिले होते. मी त्या दिवशी ‘हावभाव’ रकान्यात तिला दहापैकी आठ गुण दिले होते, हे आठवले की आजही कसेसे होते.

मोठ्यांच्या सभांचे तर बोलायलाच नको. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे, हार, शाल, श्रीफळ यांत पाऊण तास जातो आणि मग मूळ विषयासाठी बोलावलेल्या माणसाला “वेळेअभावी थोडक्यात” अशी चिठ्ठी सरकवली जाते.

आता त्या शिबिराविषयी. २०११ पासून महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे, त्यामुळे महिलांना सभेत बोलण्याचे प्रशिक्षण देणे अगदी योग्य आहे आणि ते देणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात शंका नाही. मिरज तालुक्यातल्या ज्या गावी माझी शेती आहे तिथल्या बचत गटातली एक बाई अशा शिबिराला जाऊन आली. पुढच्या ग्रामसभेला, गणपूर्ती होण्याची वाट पाहत (एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी माणसे लागतात, आणि तितकीही वेळेवर जमत नाहीत) आम्ही देवळाच्या ओसरीवर बसलो होतो. तिची पाळी आली तेव्हा ती शिकवल्याप्रमाणे उभी राहिली. चेहऱ्यावर स्मित, हात मोकळे, नजर डावीकडून उजवीकडे. स्वच्छता ही काळाची गरज आहे, आरोग्य हीच खरी संपत्ती आहे, असे ती तीन मिनिटे बोलली. टाळ्या झाल्या. सरपंच म्हणाले, “ताई, लई भारी बोललासा.” इतिवृत्तात एक ओळही आली नाही. ती खाली बसली आणि शेजारणीला हळूच म्हणाली, “अंगणवाडीच्या गटाराचं ऱ्हायलंच की.”

ती ज्या कामासाठी उठली होती ते काम हातांच्या आणि स्मिताच्या गर्दीत हरवले होते. पुढच्या सभेआधी ती माझ्याकडे आली तेव्हा मी तिला काही शिकवले नाही, फक्त विचारत गेलो : गटार कुठले? कधीपासून तुंबले? कोणाला त्रास होतो? तुम्हाला आज सभेकडून काय हवे? तिने दिलेली उत्तरे तिनेच एका कागदावर उतरवली. सभेत ती उठली तेव्हा एका हाताने पदर घट्ट धरलेला होता, दुसऱ्या हातातला कागद थरथरत होता आणि नजर कागदावरून वर आली नाही. ती म्हणाली, “अंगणवाडीच्या दारातलं गटार मिरगापासनं तुंबलंय. बारकी पोरं रोज त्यातनं जात्यात, दोन पोरं पडली. आज ठराव लिहून घ्या, आन् कोण करणार, कधी करणार त्ये सांगा.” सरपंच म्हणाले, “बघू की.” आपल्याकडच्या सार्वजनिक जीवनातला हा सर्वांत गुळगुळीत शब्द आहे. त्यात होकारही मावतो आणि नकारही, आणि ऐकणारा समाधानाने घरी जातो. ही बाई उभीच राहिली आणि म्हणाली, “बघू म्हंजी कंच्या तारखेला?” सभा एकदम शांत झाली. ग्रामसेवकाने लेखणी उचलून सरपंचांकडे पाहिले आणि तारीख लिहिली गेली.

त्या दिवशी ती मला म्हणाली, “सर, माझं पाय लटलटत हुतं, समद्यास्नी दिसलं आसंल.” मी तिच्यापासून दहा फुटांवर बसलो होतो आणि मला हातातला कागद हललेला दिसला, बाकी काही नाही. आपली भीती आपल्याला वाटते तेवढी इतरांना दिसत नाही, हे केनेथ सॅविट्स्की आणि थॉमस गिलोविच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये प्रयोगांती दाखवून दिलेले आहे. त्यातला मला सर्वांत उपयोगी वाटलेला भाग असा की, ज्यांना भाषणाआधी केवळ ही एवढी गोष्ट समजावून सांगितली, त्यांची भाषणे इतरांपेक्षा चांगली झाली. शिबिरात सांगायचेच असेल तर हे सांगावे. देहबोलीवर ५५ टक्के गुण आहेत असे ऐकून आलेल्या बाईचे लक्ष स्वतःच्या हातापायांवर खिळते आणि ती अधिकच घाबरते. हातपाय कोणी पाहत नाही असे ऐकून आलेली बाई गटाराकडे लक्ष देऊ शकते.

ध्वनिक्षेपकाविषयी एकच गोष्ट लिहितो, कारण ती फुकट शिकता येते. माईक फुंकून आणि बोटाने ठोकून पाहण्याऐवजी एक वाक्य बोलून मागे बसलेल्या माणसाला “येतंय का ऐकू?” असे विचारावे, आणि तो “नाही” म्हणाला तर सुरुवात करू नये. घुमणाऱ्या सभागृहात सावकाश बोलावे आणि वाक्य संपल्यावर थांबावे, मागचा शब्द विरल्याशिवाय पुढचा उच्चारू नये.

समोरासमोरच्या बोलण्यात शब्दांपेक्षाही जी गोष्ट जास्त दुर्लक्षित आहे ती ऐकण्याची, आणि आपल्याकडे संवादाच्या शिबिरात ती शेवटच्या पाच मिनिटांत उरकली जाते. गाडगेबाबांच्या कीर्तनाची पद्धत अशी होती की, ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत आणि त्या उत्तराला धरून पुढे जात. हजारो लोकांपुढे बोलतानाही समोरच्याला काय कळले हे ते पदोपदी तपासून पाहत होते. आपण दोघांतल्या बोलण्यातही ते तपासत नाही. माझ्या थोरल्या भावाला मिरजेतल्या एका दवाखान्यात तीन गोळ्या लिहून दिल्या आणि कशा घ्यायच्या ते नीट समजावून शेवटी “कळलं ना?” असे विचारण्यात आले. भाऊ “व्हय” म्हणाला. मोठ्या माणसापुढे “नाही कळलं” म्हणणे त्याच्या पिढीला उद्धटपणाचे वाटते, म्हणून आमच्याकडचे ‘व्हय’ पुष्कळदा ‘तुमचं संपलं असलं तर मी उठू का’ अशा अर्थाचे असते. घरी येऊन त्याने सकाळची गोळी रात्री आणि रात्रीची सकाळी असे चार दिवस केले. पुढच्या खेपेला तिथल्याच एका तरुण परिचारिकेने पाकीट त्याच्या हातात देऊन विचारले, “काका, आता तुम्ही मला सांगा, यातली कुठली कधी घेणार?” तो चुकला, तिने दुरुस्त केले, त्याने पुन्हा सांगितले. सारे मिळून मिनिटभर लागले असेल. शिक्षक म्हणून मी जन्मभर वर्गाला “समजलं का?” असे विचारले आणि “हो सर” हे सामुदायिक उत्तर ऐकून पुढच्या धड्याकडे वळलो, त्याची या निमित्ताने आठवण झाली.

महोदय, माझी विनंती दोन प्रकारची आहे. पहिली आपल्याला : लेखातले ते वर्तुळ ज्या आकारात छापले होते त्याच आकारात, शक्य झाल्यास त्याच पानावर, त्या आकड्यांचा मूळ संदर्भ आणि त्यांची मर्यादा आपण छापावी. क्लासच्या भिंतींवरची वर्तुळे त्यामुळे लगेच उतरणार नाहीत, पण निदान माझ्या नातवाच्या वहीत चिकटवायला मला ते कात्रण मिळेल. दुसरी विनंती ग्रामपंचायत सदस्यांसाठी आणि बचत गटांसाठी शिबिरे भरवणाऱ्या मंडळींना : शिबिराला येताना प्रत्येक महिलेने आपल्या गावातले एक अडलेले काम घेऊन यावे आणि दिवसभरात त्या कामाची तीन वाक्ये तयार करून, “बघू” असे म्हणणाऱ्या एका खोट्या सरपंचापुढे उभे राहून ती बोलावीत, असा एक तास ठेवून पाहावा. खोटा सरपंच व्हायला मी विनामानधन तयार आहे.

अंगणवाडीपुढचे ते काम ठरल्या तारखेनंतर तीन आठवड्यांनी सुरू झाले आणि निम्मेच झाले आहे. नळ्या दारापर्यंत आल्या आहेत, पुढे नाहीत. २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी त्या बाईने कागद तयार करून ठेवला आहे, आणि या वेळी तो मला दाखवायला आणलेला नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक
गावभाग, सांगली